नाटकातला दाखला: साल प्रयोगाचे की पुस्तकाचे?

ठाणे आणि नवी मुंबईतील काही मराठीप्रेमी मंडळी मिळून एक ऑनलाइन शब्दकोश उभा करत आहेत. शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली शक्य तेथे जुन्या छापील नाटकांतला एखादा दाखला द्यावा, असा त्यांचा संकल्प आहे. या कामात पडलेले प्रश्न त्यांच्यापैकी काहींनी स्वतंत्र पत्रांनी पाठवले. विषय एकच असल्यामुळे या अंकातले सदर त्या पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका असून नौपाड्यात राहते. आमच्या पहिल्याच बैठकीत मतभेद झाला. ‘संगीत शाकुंतल’मधील एका शब्दापुढे १८८० लिहावे, असे एका सदस्यांचे म्हणणे आहे, कारण त्या वर्षी तो शब्द रंगभूमीवरून लोकांच्या कानी गेला. आमच्या हाती मात्र बऱ्याच नंतर छापलेली प्रत आहे. दुसऱ्या सदस्यांना त्या प्रतीचे साल लिहिणे योग्य वाटते, पण त्यामुळे शब्द उगाच तरुण दिसेल, अशी भीती पहिल्यांना वाटते. यातले योग्य काय?

उत्तर: दोन्ही सदस्यांची बाजू मला समजते, तरी उत्तर देताना मी घुटमळत नाही. दाखल्याला जोडायचे साल हे ज्या छापील प्रतीत आपण तो शब्द प्रत्यक्ष वाचला, त्या प्रतीचेच असले पाहिजे. प्रयोगाचे साल ही नाटकाविषयीची मोलाची माहिती आहे आणि ती नोंदीत अवश्य द्यावी, मात्र ती वेगळ्या जागी आणि ‘पहिला प्रयोग’ अशा स्पष्ट नावाने द्यावी. दाखला हा पुरावा असतो, आणि पुराव्याला साल लागते ते तो ज्या वस्तूत सापडला त्या वस्तूचे.

आपण ज्या नाटकाचे नाव घेतले आहे, त्यातच याचे कारण दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या माणसाला ही तारीख पाठ असते. परंतु त्या रात्री सात अंकांपैकी पहिले चारच अंक झाले होते. शकुंतला दुष्यंताच्या दरबारात येते आणि तो तिला ओळखत नाही, तो पाचवा अंक त्या प्रेक्षकांनी पाहिलाच नाही. आपला शब्द पाचव्या, सहाव्या किंवा सातव्या अंकातला असेल, तर त्याच्यापुढे त्या रात्रीची तारीख लिहिणे हे सरळसरळ चूक ठरेल. ‘सौभद्र’चेही असेच आहे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक झाले आणि पाच अंकांचे पूर्ण नाटक रंगभूमीवर आले ते १८८३ मध्ये. शिवाय पहिल्या चार किंवा तीन अंकांतला शब्द असला, तरी नटाने त्या रात्री तेच वाक्य त्याच शब्दांत म्हटले होते, हे आपल्याला कोण सांगणार? कागदावरचे वाक्य तेवढे आपल्या हाती आहे.

आणखी मागे गेलो, तर हा मुद्दा अधिकच ठळक होतो. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये, आणि मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून मोजतो. पण भाव्यांच्या खेळांत लिहिलेली असत ती मुख्यतः सूत्रधाराने म्हणायची पदे. गद्य भाषणे पात्रे आपापल्या समजुतीने आयत्या वेळी करत. त्या भाषणांचा शब्द न् शब्द हवेत विरून गेला. भाव्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापून आली ती १८८५ मध्ये, म्हणजे चार दशकांहून अधिक काळानंतर. या संग्रहातल्या एखाद्या शब्दापुढे १८४३ लिहिण्याचा मोह फार मोठा असतो. तो आवरून ‘मुद्रण १८८५’ असेच लिहावे आणि पदाच्या रचनेचा काळ अन्य पुराव्याने निश्चित करता येत असेल, तर तो टीपेत द्यावा.

याच्या उलट टोकाला जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ आहे. हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहून, मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापून वाचकांसमोर आले थेट १९७९ मध्ये. येथे केवळ १९७९ लिहिले, तर कोश पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मराठी वाटेल, आणि केवळ १८५५ लिहिले, तर आपण त्या वर्षीचे छापील पुस्तक पाहिले असा समज होईल. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही साले लिहावीत: ‘लेखन १८५५, मुद्रण १९७९’. पहिल्या सदस्यांना वाटणारी भीती या एका सवयीने दूर होते. साल लपवल्याने शब्द म्हातारा किंवा तरुण होत नाही. दोन साले शेजारी ठेवली, की वाचक स्वतः विचार करू शकतो.

एकाच नाटकाचे रूप बदलते, तेव्हा काळजी दुप्पट घ्यावी लागते. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक १८९३ चे. त्याच नाटकाला पदांची जोड मिळून ‘संगीत संशयकल्लोळ’ उभे राहिले ते १९१६ मध्ये. संशयकल्लोळातले एखादे पद उद्धृत करून त्यापुढे १८९३ लिहिणाऱ्याने न झालेली गोष्ट घडवून आणलेली असते. एखादा संवाद दोन्ही पुस्तकांत शब्दशः सारखा आढळला, तर आधीच्या पुस्तकाचा दाखला देता येईल, पण त्यासाठी आधीचे पुस्तक उघडून पाहावे लागेल. ‘असणारच’ असे गृहीत धरून चालणार नाही.

हे मी अनुभवाने सांगत आहे. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी एका शब्दाचा दाखला जुन्या नाटकातून दिला आणि त्याला पहिल्या आवृत्तीचे साल जोडले. प्रत माझ्याकडे होती ती बरीच नंतरची. पुढे एका जुन्या वाचनालयात आधीची आवृत्ती हाती आली, तेव्हा त्या वाक्यात तो शब्द नव्हताच. त्या जागी दुसराच, जुन्या वळणाचा शब्द होता. नंतरच्या आवृत्तीत कोणीतरी तो बदलला होता. माझा सारा युक्तिवाद त्या एका सालावर उभा होता आणि तो मला मागे घ्यावा लागला. तेव्हापासून आवृत्तीचा क्रमांक लिहिल्याशिवाय मी एकही दाखला पुढे पाठवत नाही.

साल शोधताना आणखी दोन अडचणी हमखास येतात. पहिली शकाची. एकोणिसाव्या शतकातील अनेक पुस्तकांच्या शीर्षकपानावर शकवर्ष असते, आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन झाला, असे आपण धरून चालतो. शकवर्ष चैत्रापासून फाल्गुनापर्यंत चालते. त्यामुळे त्याचा शेवटचा भाग पुढच्या इसवी सनात जातो आणि तेथे ७९ मिळवावे लागतात. शके १७८३ म्हणजे १८६१ चा वसंत ते १८६२ चा वसंत. महिना दिलेला नसेल, तर ‘शके १७८३ (इ.स. १८६१-६२)’ असेच लिहावे आणि छापलेला शक कधीही गाळू नये, कारण मूळ पुरावा तो आहे, रूपांतर आपले आहे.

दुसरी अडचण साल नसलेल्या पुस्तकांची. शीर्षकपान फाटलेले असते, किंवा त्यावर सालच छापलेले नसते. येथे १८६७ चा कायदा कामाला येतो. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक झाले, सरकारकडे प्रती देणे सक्तीचे झाले आणि अशा पुस्तकांची यादी दर तिमाहीला सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागली. या यादीत पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, मुद्रक, छापखान्यातून बाहेर पडल्याची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, खिळ्यांवर छापलेले की शिळाछापाचे आणि किंमत, एवढा तपशील नोंदवण्याची तरतूद होती. पृष्ठसंख्या आणि मुद्रकाचे नाव जुळले, की हातातली प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, हे पुष्कळदा ठरवता येते. १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना आपल्या ग्रंथालयांत ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. पाळण्यातल्या मुद्रणाची ही पुस्तके, आणि त्यांच्यासाठी असा आधार मिळत नाही. तेथे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि ग्रंथालयांच्या जुन्या सूची पाहाव्या. ठाण्यात तर १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ज्याच्या स्थापनेत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांचा पुढाकार होता. आपल्या मंडळाने महिन्यातला एखादा दिवस अशा ठिकाणी प्रत्यक्ष पुस्तके उघडून पाहण्यासाठी ठेवला, तर कोशाचा कस वाढेल.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे, की सर्वांत जुन्या दाखल्याला ‘पहिला वापर’ असे नाव द्यावे का. देऊ नये. ‘आम्हाला सापडलेला सर्वांत जुना छापील दाखला’ एवढाच आपला अधिकार आहे. शब्द बोलण्यात येतो, पत्रांत येतो, बखरीत येतो आणि मग कधीतरी नाटकात शिरतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिल्या स्वतंत्र ‘बुकिश’, म्हणजे संवादांसह पूर्ण लिहिलेल्या, नाटकांतले नाटक १८६१ चे. म्हणजे कीर्तन्यांच्या नाटकात एखादा शब्द भेटला की आधी मोल्सवर्थ उघडावा. तो शब्द तेथे असेल, तर त्याचे अस्तित्व आधीच सिद्ध झालेले असते. नाटक मग दुसरी गोष्ट दाखवते: तो शब्द कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या सुरात वापरला. कोशकाराला मोल्सवर्थ ही गोष्ट देऊ शकत नाही, आणि नाटकांकडे वळण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

प्रश्न: मी नेरूळला राहतो आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. जुन्या नाटकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’, ‘ह्मणून’, ‘तुह्मी’ अशी रूपे येतात. ती तशीच ठेवली तर शोधखिडकीत आजचे शब्द घातल्यावर दाखला सापडत नाही. सगळे आजच्या शुद्धलेखनात बदलून घ्यावे, असे मला वाटते, पण आमच्या ज्येष्ठ सदस्यांना ते मान्य नाही.

उत्तर: या बाबतीत मी आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूने आहे, आणि तरीही आपली अडचण खरी आहे. आज आपण पाळतो ते लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने तयार केले आणि ते १९६२ मध्ये शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत आणखी काही नियमांची भर पडली. त्यांमुळे अनुच्चारित अनुस्वार रजा घेऊन गेले. एकोणिसाव्या शतकातला लेखक मात्र ‘घरीं’ आणि ‘त्यांनीं’ यांवर अनुस्वार देत होता, तो व्युत्पत्तीला आणि व्याकरणाला स्मरून. ते अनुस्वार काढून टाकले, की त्या वाक्यातून विभक्तीची एक खूण नाहीशी होते, आणि पुढे कोणाला त्या काळच्या लेखनपद्धतीचाच अभ्यास करायचा झाला, तर आपला कोश त्याला निरुपयोगी होतो. ‘ह्मणून’चेही तसेच. त्या जोडाक्षरात ‘ह’ आधी आणि ‘म’ नंतर अशी जी मांडणी आहे, ती त्या काळच्या लेखनाची आणि छपाईची रूढी होती. तिला चूक समजून ‘म्हणून’ करणे म्हणजे आपल्या आजच्या डोळ्यांनी कालचे पान दुरुस्त करणे.

आपली अडचण संगणकाच्या बाजूनेच सुटते, आणि ती आपण माझ्यापेक्षा चांगली सोडवू शकाल. प्रत्येक दाखल्याची दोन रूपे साठवावीत. एक जसेच्या तसे, जे वाचकाला दिसेल; दुसरे आजच्या लेखनातले, जे केवळ शोधासाठी आत राहील. शीर्षशब्द मात्र आजच्या लेखनातच असावा आणि त्याखाली ‘जुन्या मुद्रणात: नाहीं’ अशी रूपे द्यावीत. अनुस्वार गाळून शोधण्याची सोय ठेवल्यास निम्म्याहून अधिक गोष्टी आपोआप मिटतील, असा माझा अंदाज आहे. ‘ह्म’ आणि ‘म्ह’ ही अदलाबदल वेगळी सांगावी लागेल.

‘र’च्या रूपांकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे मराठीत निराळे शब्द आहेत आणि त्यांचा फरक केवळ त्या अर्ध्या र-काराने दाखवला जातो. युनिकोडमध्ये हा र-कार दोन वेगवेगळ्या रीतींनी उमटवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते भिन्न वाटतात. आपल्या मंडळाने एकच रीत ठरवावी आणि जुन्या नोंदी त्या रीतीत आणाव्यात. याउलट जुन्या खिळ्यांतला ‘अ’, ‘झ’ किंवा ‘ल’ आजच्यापेक्षा वेगळ्या वळणाचा दिसला, तर त्याची चिंता करू नये. तो अक्षराच्या आकाराचा भाग आहे, शब्दाच्या लेखनाचा नव्हे.

राहिला प्रश्न उघड मुद्रणदोषांचा. खिळा उलटा बसलेला असतो, काना गळलेला असतो. तेथेही छापलेले रूप ठेवावे आणि चौकोनी कंसात अपेक्षित रूप द्यावे. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असेल, तर ते आधी पाहावे. लेखकानेच केलेली दुरुस्ती त्यात असेल, तर ती मान्य करून ‘शुद्धिपत्रानुसार’ असे लिहावे. जुन्या पुस्तकांची शुद्धिपत्रे कोणी वाचत नाही, आणि लेखकाचा हात मात्र तेथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रश्न: कोपरीहून लिहीत आहे. नाटकात एखादा गडी किंवा कुणबीण बोलते, तेव्हा लेखक ‘न्हाई’, ‘व्हय’ अशी रूपे घालतो. ही रूपे बोलीभाषेचा पुरावा म्हणून द्यावीत का?

उत्तर: द्यावीत, पण पात्राचे नाव आणि त्याची ओळख दिल्याशिवाय कदापि देऊ नयेत. नाटकाचा दाखला कादंबरीच्या किंवा निबंधाच्या दाखल्याहून वेगळा पडतो तो येथे. निबंधात शब्द लेखकाचा असतो. नाटकात तो पात्राच्या तोंडी घातलेला असतो आणि त्या पात्राविषयी लेखकाची आणि प्रेक्षकाची जी समजूत असते, ती त्या शब्दात मिसळलेली असते. शहरात राहणाऱ्या लेखकाने लिहिलेली गड्याची बोली म्हणजे त्या गड्याच्या गावची बोली नव्हे. लेखकाच्या कानांना ती जशी ऐकू आली, आणि प्रेक्षकाला जशी ऐकायची होती, तशी ती असते. ‘तृतीय रत्न’मध्ये कुणबी नवरा-बायको आहेत, त्यांना फसवणारा जोशी आहे, पाद्री आहे, आणि मध्येमध्ये भाष्य करणारा विदूषक आहे. हे सारे एकाच लेखणीतून उतरले असले, तरी जोश्याच्या तोंडचा शब्द आणि विदूषकाच्या तोंडचा शब्द यांचे वजन सारखे नाही. पात्राचे नाव गाळले, की तो फरक पुसला जातो. जातिवाचक किंवा अवमानकारक शब्दांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तेथे नाव गाळणे म्हणजे पात्राची गरळ लेखकाच्या किंवा कोशाच्या पदरी घालणे होय.

कंसात दिलेल्या रंगसूचना मात्र लेखकाच्या स्वतःच्या गद्यात असतात. एखादा शब्द रंगसूचनेत आला असेल, तर ‘रंगसूचना’ असे स्पष्ट लिहावे. त्या काळच्या साध्या लेखी गद्याचा तो उत्तम नमुना असतो. प्रस्तावनेतल्या शब्दालाही हाच न्याय लावावा.

प्रश्न: माझी आई ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ नेहमी गुणगुणत असे. ‘पाऊणशे’ या शब्दाखाली ती देऊ का? मी वर्तकनगरला राहते.

उत्तर: ओळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातली आहे आणि ते नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. आईच्या तोंडून ऐकलेली ओळ मनात जपावी, पण कोशात घालण्यापूर्वी छापील पुस्तकातून ताडून घ्यावी. नाट्यपदे शंभर वर्षांहून अधिक काळ गळ्यागळ्यांतून फिरली आहेत. गायकांनी ताना घेण्यासाठी शब्द तोडले आहेत, ऱ्हस्वाचे दीर्घ केले आहेत, आणि क्वचित शब्दही बदलले आहेत. ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली ओळ गायकाचा दाखला ठरते, नाटकाचा नव्हे.

आपल्याला एक सुचवावेसे वाटते. या ओळीतला ‘पाऊणशे’ आजही आपण त्याच अर्थाने वापरतो, त्यामुळे त्याला या दाखल्याची तितकी गरज नाही. ‘अवघे’ या शब्दाखाली मात्र ही ओळ फार शोभून दिसेल. ‘अवघा’ म्हणजे सगळा, समस्त. संतांच्या अभंगांतून तो याच अर्थाने आपल्या कानांत बसलेला आहे. येथे त्याचा अर्थ ‘फक्त, केवळ’ असा आहे, आणि पाऊणशे वर्षांच्या वराला ‘फक्त’ म्हणण्यातला उपरोध जरठ-कुमारी विवाहाच्या त्या कथेचे मर्मच उघडे करतो. हा अर्थ आणि हा सूर एका ओळीत पकडणारा दाखला सहजी मिळत नाही. प्रसंग कोणता, हे एका वाक्यात सांगावे, नाहीतर उपरोध न कळून कोणी ती ओळ शब्दशः घेईल.

त्याच ओळीतल्या ‘इतुका’वरून मात्र १८९९ मध्ये लोक ‘इतुका’ बोलत होते, असे अनुमान काढू नये. पद्यात वृत्तासाठी आणि परंपरेने अशी जुनी रूपे टिकून राहतात. म्हणून पदातल्या दाखल्यापुढे ‘पद’, ‘साकी’, ‘दिंडी’ जे असेल ते लिहावे. रचनाकारही तपासावा. ‘एकच प्याला’ हे राम गणेश गडकऱ्यांचे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांची आहेत. ‘कशि या त्यजू पदाला’ या ओळीतला शब्द गडकऱ्यांच्या नावावर टाकला, तर तो गुर्जरांवर अन्याय होईल, आणि गडकऱ्यांच्या भाषेचा अभ्यास करणाराही फसेल.

प्रश्न: ऐरोलीहून. पुस्तकाची पीडीएफ पाहून दाखला दिला, तर पान कोणते लिहावे? पीडीएफचे की छापलेले?

उत्तर: छापलेले पान लिहावे; पीडीएफचे पान हवे असल्यास त्याच्यामागे ‘प्रतिमा’ असे लिहून वेगळे द्यावे. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, पात्रांची यादी यांमुळे दोन्ही आकड्यांत दहा-पंधरा पानांचा फरक सहज पडतो. पण नाटकाच्या बाबतीत पानाहून टिकाऊ पत्ता म्हणजे अंक आणि प्रवेश. आवृत्ती बदलली की पान बदलते, अंक-प्रवेश सहसा बदलत नाही. दाते-कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. आज तो आणि मोल्सवर्थ दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त दाखल्यापुढे ग्रंथाचा संक्षेप आणि आकडा असतो. छापील खंडात जागा वाचवण्यासाठी ती युक्ती आवश्यकच होती, आणि त्या काळात एवढ्या दाखल्यांचा डोंगर उभा करणाऱ्या त्या मंडळींविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु पडद्यावर एकच नोंद वाचणाऱ्याला संक्षेपाची यादी शेजारी दिसत नाही, आणि आकडा कोणत्या आवृत्तीच्या पानाचा, हे कळायला मार्ग राहत नाही. आपल्याला पडद्यावर जागेची चणचण नाही. म्हणून संक्षेप टाळून पूर्ण पत्ता द्यावा: नाटककार, नाटक, कितवी आवृत्ती, मुद्रणस्थळ व छापखाना, शीर्षकपानावरील साल, अंक, प्रवेश, पात्र, छापील पान.

पीडीएफमधून मजकूर यंत्राने उतरवून घेतला असेल, तर तो मूळ पानाशी अक्षर अक्षर ताडल्याशिवाय वापरू नये. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांची यंत्राकडून अदलाबदल होते, आणि दुर्दैवाने त्यातून कधीकधी अर्थ असलेला दुसराच शब्द तयार होतो. वाक्य मध्ये तोडले असेल, तर तेथे तीन टिंबे द्यावीत आणि तोडलेल्या भागात ‘न’ किंवा ‘नाहीं’ तर गेला नाही ना, हे पुन्हा एकदा पाहावे.

प्रश्न: वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृहाजवळ राहतो. या जुन्या नाटकांचे उतारे देण्यास कोणाची परवानगी लागते का?

उत्तर: आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या नाटकांतले उतारे आपण निर्धास्तपणे देऊ शकता. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांसाठी साठ वर्षे प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात, तेव्हा ‘तृतीय रत्न’सारख्या पुस्तकातून घेताना उतारा एक-दोन वाक्यांपुरताच ठेवावा. अलीकडच्या संपादित आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात. त्या उचलू नयेत. आणि उतारा नाटकातलाच असला, तरी तो अशा आवृत्तीतून घेतला असेल, तर पत्त्यात संपादकाचे नाव आणि त्या आवृत्तीचे साल लिहावे.